मेंढपाळांचे पशुवैद्यक : पूर्वपीठिका आणि आजचे कर्तव्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आमच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा की, इतिहास म्हणावयाचा तरी कशाला? धनगर समाजाचा इतिहास म्हटला की सुभेदार मल्हारराव होळकरांचा पराक्रम आणि पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे घाट, बारवा व धर्मशाळा यांचे स्मरण होते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या असंख्य पिढ्या माणदेशाच्या माळावरून घाट उतरून कोकणात गेल्या आणि पावसाळ्यापूर्वी परत आल्या, ज्यांनी आयुष्यातील निम्म्या रात्री वाघरीच्या कडेला घोंगडीवर काढल्या, त्यांची दखल कोणत्या बखरीने घेतली आहे? त्यांनी किल्ले बांधले नाहीत, मेंढरे जगविली. ती कशी जगविली, हाही इतिहासच होय, आणि त्याचाच अल्पसा ऊहापोह येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पशुचिकित्सेची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा, तसेच औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचा उल्लेख आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यासही सापडले आहेत, तेव्हा त्या राजाज्ञांचा आवाज या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता यात शंका नाही. घोड्यांच्या वैद्यकास शालिहोत्राचे नाव मिळाले. हत्तींचे वैद्यक पालकाप्याच्या नावावर आहे, आणि त्याचा हस्त्यायुर्वेद हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने 1894 मध्ये छापून प्रसिद्ध केला. महाभारतातील विराटपर्वात नकुल अश्वपाल होतो आणि सहदेव गोपाल होतो, हेही वाचकांस ठाऊकच आहे.

मात्र या थोर परंपरेकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ग्रंथ लिहिले गेले ते हत्ती आणि घोडे यांच्यावर, कारण ते राजाच्या सेनेची अंगे होती. गरिबाच्या मेंढीवर कोणी ग्रंथ रचला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र मेंढीचा ओझरता, पण महत्त्वाचा उल्लेख येतो. अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात असा नियम आहे की, औषधोपचारात हयगय झाल्यामुळे रोग बळावला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड द्यावा. आणि त्याच प्रकरणात पुढे हा नियम गाई, म्हशी, गाढवे, उंट आणि शेळ्यामेंढ्या यांनाही लागू असल्याचे सांगितले आहे. म्हणजे मेंढीवर वेळेवर उपचार न करणे हा अपराध आहे, असे त्या ग्रंथाने मानले होते. उपचार कोणता करावा, हे मात्र सांगितले नाही. ते मेंढपाळाने स्वतःच शोधावयाचे होते, आणि त्याने ते शोधले.

त्याचे हे शास्त्र पोथीत नव्हते. ते बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे, बिऱ्हाडाबरोबर चालत आले. येथे ‘सासूकडून सुनेकडे’ हे शब्द आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. पुरुष मेंढरे घेऊन रानात गेला की वाड्यावर मागे राहतात ती कोकरे, नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या आणि आजारी जनावरे; त्यांची निगा राखते ती बाई. कोणते कोकरू दूध पीत नाही, कोणाचे पोट फुगले आहे, कोणाच्या नाकातून शेंबूड येतो, हे प्रथम तिला कळते, आणि चुलीवर काढाही तीच उकळते. आपल्या पशुवैद्यकाच्या इतिहासात निम्म्याहून अधिक वाटा या अनामिक स्त्रियांचा आहे, हे नमूद न करणे कृतघ्नपणाचे होईल.

आता या वैद्यकाचे स्वरूप पाहू. सोयीसाठी त्याचे तीन भाग करता येतात : रोग होऊ नये म्हणून पाळावयाच्या रीती, झाडपाल्याची औषधे, आणि डागणे वगैरे हातचे उपचार.

पहिल्या भागास आम्ही सर्वांत वरचे स्थान देतो. पहाटेच्या दवाने भिजलेल्या गवतावर मेंढरे सोडू नयेत. ऊन वर येऊन गवत सुकले की मगच वाडा हलवावा, असे जुने लोक सांगत. आज शास्त्र सांगते की जंतांची सूक्ष्म पिले ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात. दलदलीच्या काठावर चरू देऊ नये, हा दुसरा दंडक. अशा पाणथळ जागी गोगलगाई असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार होतो. पावसाने ओढ दिली असता वाढ खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर शिरू देऊ नये, हा तिसरा. अशा ज्वारीत विषारी द्रव्य अधिक असते आणि भरपोट खाल्लेले जनावर घटकाभरात दगावते. आमच्या वडीलधाऱ्यांना कृमीची पिले दिसली नव्हती आणि ज्वारीतील विषाचे नावही ठाऊक नव्हते. पण मेलेली मेंढी त्यांना दिसली होती आणि ती आदल्या दिवशी कोठे चरली होती, हे त्यांच्या ध्यानात राहिले होते. निरीक्षण आणि स्मरण या दोन पायांवर हे शास्त्र उभे होते.

साथीच्या वेळची रीत याहून कडक असे. आजारी मेंढी दिसताच तिला वेगळ्या वाघरीत घालावयाचे, तिच्या उष्ट्या पाण्यावर इतरांना जाऊ द्यावयाचे नाही, आणि ज्या शिवारात रोग आहे असे कानावर येई ते शिवार टाळून दूरच्या वाटेने वाडा न्यावयाचा. फिरता मेंढपाळ हा कित्येकदा गावकऱ्यांच्या संशयास पात्र झाला आहे. परंतु त्याच्या फिरण्यातच रोगापासून दूर जाण्याची युक्ती होती, हे विसरता कामा नये. अर्थात हेही खरे की, फिरणारा कळप रोग टाळतो तसा कधी कधी तो घेऊनही जातो.

झाडपाल्याची औषधे हा दुसरा भाग. जंतांवर पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, आणि वावडिंग ही जुनी औषधे. दोहोंतील कृमिनाशक गुण आधुनिक परीक्षणातही आढळले आहेत. ढाळीवर कुड्याच्या किंवा बाभळीच्या सालीचा काढा देत. पोट फुगले की गोडेतेलात हिंग कालवून पाजीत आणि तोंडात आडवी काठी बांधीत. ही काठी पाहून शिकलेल्या माणसास हसू येते. पण ती चघळताना जनावराचे तोंड उघडे राहते, लाळ सुटते आणि कोंडलेला वायू ढेकरांवाटे बाहेर पडतो. तेलाने पोटातील फेस मोडतो. दोन्ही उपाय युक्त आहेत. पाय मोडला तर बांबूच्या कामट्यांचा आधार देऊन कांडवेलीचा लेप बांधीत. जखमेत किडे पडले तर सीताफळाच्या पानांचा किंवा बियांचा लगदा भरीत. त्याने किडे मरतात, मात्र तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांस अपाय होतो, म्हणून जाणती माणसे तो लावताना जनावराचे तोंड दुसऱ्या बाजूस धरून ठेवीत.

आणि हळद! तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. बिरोबाच्या, खंडोबाच्या देवळात जो भंडारा आपण उधळतो तो हळदीचाच. लोकर कातरताना कातर लागून कातडे सोलले तर त्या जखमेवर भंडाराच दाबला जाई. देवाचा प्रसाद आणि जखमेचे औषध एकाच बटव्यात असे. लावणाऱ्याच्या मनात त्या दोहोंत भेद नव्हता. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे हळद आणि तुपाने चोळतो, तीही याच जातीची रीत आहे. तो सण आहे आणि वर्षातून एकदा जुवाखाली सोलवटलेल्या खांद्याची केलेली तपासणीही आहे.

तिसरा भाग डागण्याचा. येथे मात्र आम्हांस कटू बोलणे भाग आहे. जनावर लंगडले, डाग दे. खांदा धरला, डाग दे. खाणे सोडले, डाग दे. अशी आपल्याकडे रीत होती आणि काही ठिकाणी ती अद्यापि आहे. ही केवळ आपल्या अडाणीपणाची खूण आहे असे नव्हे, कारण युरोपातील अश्ववैद्यही लंगड्या घोड्यांना तापल्या लोखंडाने डागीत असत. परंतु डागल्याने मुक्या जनावरास यातना होतात, जखमेत किडे पडतात, आणि मूळचा रोग जागच्या जागी राहतो. तंबाखूच्या पाण्याने गोचीड मारण्याची रीतही अशीच धोक्याची. प्रमाण थोडे चुकले तरी कोकरू मरते. पूर्वजांविषयी आदर बाळगणे म्हणजे त्यांच्या चुकाही जतन करणे नव्हे.

यानंतर ज्यांच्या ज्ञानाचा कोणी आदर केला नाही अशा लोकांचाही उल्लेख येथे केला पाहिजे. गावात मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम ज्या जातींवर लादले गेले होते, त्यांना जनावराच्या अंतर्भागाची ओळख आपल्याहून अधिक होती. मेलेल्या जनावराचे रक्त काळे व न गोठणारे आहे, प्लीहा फुगलेली आहे, यावरून फाशीचा रोग त्यांना कळे. आणि तोच रोग कातडे सोलताना त्यांच्या हातावर काळपुळी होऊन उठे. गावाने त्यांचे ज्ञान कधी विचारले नाही आणि त्यांचे दुखणे कधी मोजले नाही. पशुवैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे ऋण मान्य केले पाहिजे.

आता या परंपरेची खरी कसोटी कोठे लागली ते पाहू. ती कसोटी म्हणजे बुळकांडीची साथ. गाईम्हशींना होणारा हा रोग गावेच्या गावे ओस पाडीत असे. तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, दुर्गंधीयुक्त ढाळ, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. त्यावर काढे झाले, धूप झाला, मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडला. पण रोग हटला नाही. हिंदुस्थान सरकारने गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने 1871 मध्ये आपला अहवाल दिला. पुण्यास 1862 मध्ये लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली होती. मुंबईस परळ येथे 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि 1889 च्या डिसेंबरात पुण्यातच जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. ती 1893 मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तेथे 1899 पासून बुळकांडीवरील रक्तरस तयार होऊ लागला. पुढे शेळीच्या शरीरात वाढविलेल्या विषाणूपासून केलेली लस आली. स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये राष्ट्रीय निर्मूलन योजना हाती घेण्यात आली. भारतातील अखेरचा उद्रेक 1995 मध्ये झाला, 2006 मध्ये देश या रोगाच्या संसर्गातून मुक्त झाल्याचे मान्य झाले, आणि 2011 मध्ये हा रोग पृथ्वीतलावरून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर मनुष्यप्रयत्नाने समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय. हे कार्य कोणत्याही काढ्याने झाले नसते, हे आम्ही निःसंकोचपणे लिहितो.

मेंढरांच्या बाबतीत हाच धडा आम्हांस आमच्या घरी शिकावयास मिळाला. आमचे एक चुलते झाडपाल्याचे मोठे जाणकार होते. पाच कोसांवरून लोक त्यांच्याकडे येत, आणि औषधाचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही. एका वर्षी दिवाळीपूर्वी लस टोचणारे लोक वाड्यावर आले असता, “मेंढरं गाभण हायती, सुई लागली की गाभडत्याली,” असे म्हणून त्यांनी त्यांना परत पाठविले. पुढे कोकणात असताना बाजारातून घेतलेल्या दोन शेळ्या कळपात मिसळल्या. आठ दिवसांत मेंढरांच्या नाकातून पू वाहू लागला, तोंडे आली, ढाळ सुरू झाली. मेंढरांची ही साथ बुळकांडीच्याच कुळातील असून भारतात तिची ओळख 1987 मध्ये तमिळनाडूत प्रथम पटली. म्हणजे चुलत्यांच्या वडिलांना किंवा आजोबांना तिचे नाव ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. चुलत्यांनी आजारी जनावरे वेगळी काढली, बाभळीच्या सालीचा काढा दिला, रात्ररात्र जागले. वेगळी काढण्याने काही मेंढ्या वाचल्या. पण कोकरांपैकी फारच थोडी घाटावर परत आली.

पुढच्या वर्षी लस टोचणाऱ्यांना बोलावण्यासाठी ते स्वतः तालुक्याच्या गावी चालत गेले. त्यावेळी त्यांनी आम्हांस जे सांगितले ते आम्ही विसरलो नाही. ते म्हणाले, “औशीद आपलं खोटं न्हवतं, पर रोग त्याच्या वळखीचा न्हवता.” या एका वाक्यात परंपरेची थोरवी आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी आल्या, असे आम्हांस वाटते.

तथापि, नवे ते सर्वच निर्दोष असेही नाही. जनावरांच्या दुखण्यावर सर्रास टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले, आणि आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे थोड्या वर्षांत दिसेनाशी झाली. भारत सरकारने 2006 मध्ये या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरास बंदी केली. प्रतिजैविके वाटेल तशी टोचल्याने जंतू त्यांना दाद देईनासे होतात, ही आज साऱ्या जगाची चिंता आहे. म्हणूनच शास्त्रज्ञांची दृष्टी पुन्हा झाडपाल्याकडे वळली आहे. कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप गाईम्हशींच्या काससुजीवर लावण्याचा उपाय आज राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्वतः शेतकऱ्यांना शिकवीत आहे. 2022 मध्ये लंपीची साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा लसीकरण झाले, गुरांचे बाजार बंद झाले, आणि त्याबरोबरच जखमांवर हळद, कडुनिंब यांचे लेपही लावले गेले. लस रोगाला दारातच अडविते, आणि आत शिरलेल्या रोगाच्या खुणा झाडपाला भरून काढतो. या दोहोंत वैर असण्याचे कारण नाही.

मग आजची अडचण कोणती? ती अशी की, हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ती माणसे एकेक करून जात आहेत. गायराने आटली, घाटवाटा बदलल्या, मुले शाळेत गेली आणि त्यांनी नोकऱ्या धरल्या. ते इष्टच झाले; मुलाने मेंढरांमागे फिरलेच पाहिजे असे आम्ही म्हणणार नाही. पण मुलगा वाड्यावर नाही, तर आजोबा सांगणार कोणाला? त्यातच आपल्याकडे एक समजूत खोल रुजलेली आहे की, औषध सांगितले की त्याचा गुण जातो. या समजुतीमुळे किती उपाय चितेवर जळून गेले असतील याची गणती नाही. आमच्या चुलत्यांपाशी पोटफुगीवरचे एक मूळ होते; ते कोणत्या वेलीचे, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. आम्ही त्यांच्यामागे माळ पालथा घातला. ती वेल आम्हांस ओळखता आली नाही. गुण सांगण्याने गेला नाही, न सांगण्याने गेला.

तेव्हा समाजबांधवांस आमची नम्र विनंती आहे. ज्यांच्या घरी मेंढरे वळलेले आजोबा किंवा कोकरे जगविलेली आजी आहे, त्यांनी या वर्षी त्यांच्यापाशी चार संध्याकाळी बसावे आणि एक वही भरावी. वहीत वनस्पतीचे स्थानिक नाव असावे, आणि तिची पानाफुलांसह वाळविलेली डहाळी चिकटवावी. कारण एकाच नावाच्या दोन वेली आणि एकाच वेलीची दोन नावे असतात. कोणत्या जनावरास, कोणत्या रोगावर, किती, कितीदा दिले, ते लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते औषध कधी लागू पडले नाही तेही प्रामाणिकपणे लिहावे. जेथे केवळ यशाचीच नोंद असते तेथे शास्त्र वाढत नाही. या वह्या समाजाच्या कार्यालयाने एकत्र कराव्यात आणि पशुवैद्यकाच्या जाणकारांकडून तपासून घ्याव्यात. तोवर साथीचा रोग दिसताच पशुवैद्यास बोलवावे, पावसाळ्यापूर्वीची लस चुकवू नये, आणि फाशीने मेल्याचा संशय असलेल्या जनावरास सोलू नये, तर चुना टाकून खोल पुरावे.

आपल्या पूर्वजांनी लेखणी हाती धरली नाही. त्यांच्या हाती काठी होती आणि ती त्यांनी चोख वापरली. आपल्या हाती आज लेखणी आहे. तिचा उपयोग त्यांच्या जयजयकारासाठी आपण पुष्कळ केला. आता थोडा त्यांचे ऐकून घेण्यासाठी करावा, एवढेच आमचे मागणे आहे.